पेराएवढ्या चित्राची जबाबदारी

संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात गेमचे चित्र सर्वांत लहान आकारात दिसते तेव्हा त्याच्या वाट्याला १२० पिक्सेल रुंदी आणि ४५ पिक्सेल उंची येते. लॅपटॉपच्या पडद्यावर ही जागा जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी भरते. शोधाच्या यादीवरून नजर खाली घसरत असताना या पट्टीपाशी ती थांबते किंवा पुढे जाते. थांबली नाही तर गेमचे पान उघडत नाही. मग त्या पानावरचा व्हिडिओ, वर्णन, फुकट खेळून पाहायचा डेमो, यांतले काहीच त्या माणसापर्यंत पोचत नाही. दोघातिघांनी नोकरी सांभाळून, रात्री जागून, दोन-तीन वर्षे केलेल्या कामाची अनोळखी गिऱ्हाइकाशी पहिली गाठ एवढ्याशा जागेत पडते. हे पुस्तक त्या चित्राविषयी आहे, आणि ते चित्र गेमच्या रचनेचाच भाग आहे असे मानून लिहिलेले आहे. खेळणाऱ्याला ‘इथे तुला काय करायचे आहे’ हे सांगण्याचे काम गेमचा पहिला टप्पा करतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते काम या चित्रापासून, म्हणजे गेमच्या मुखपृष्ठापासून, सुरू झालेले असते. म्हणून मुखपृष्ठ गेमच्या आतून निघाले पाहिजे, त्याची आखणी सर्वांत लहान आकारापासून झाली पाहिजे, आणि काम चालू असतानाच झाली पाहिजे. बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट घडते. गेम संपतो, प्रकाशनाला महिना उरतो, कोणाकडून तरी एक मोठे देखणे चित्र करून घेतले जाते आणि संगणकावर ते आक्रसून प्रत्येक चौकटीत कोंबले जाते.

बाजाराचे स्वरूप समजल्याशिवाय या आग्रहाचे कारण कळणार नाही. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये स्टीम सुरू केले तेव्हा ते तिच्या स्वतःच्या गेमांसाठी होते. पुढे इतरांचे गेम निवडून घेतले जाऊ लागले, आणि जून २०१७ पासून शंभर डॉलर भरून कोणालाही आपला गेम तिथे मांडता येतो. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक गेम आले, म्हणजे दिवसाला सरासरी पन्नास. सांगलीत विश्रामबागेतल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलाचा गेम आणि पोलंडमधल्या अनुभवी चमूचा गेम एकाच फळीवर, एकाच मापाच्या चौकटीत, शेजारी शेजारी उभे राहतात. ही समानता मोठी आहे, आणि तिच्यात कोणालाही सवलत नाही. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात व्यापारी पोत्यातले हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग पाहून बोली लावतो. इथे मोडून बघायची सोय चौकटीवर बोट दाबल्यानंतरच मिळते. दाबण्याआधी जे दिसते त्यानेच आतला रंग सांगायला हवा.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही, म्हणून या पुस्तकाच्या वाचकाने आधी थोडे मागे पाहावे असे मला वाटते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी आश्रयाने. समोरचा प्रेक्षक ओळखीचा होता, खेळ काय आहे हे त्याला कोणी निराळे सांगायची गरज नव्हती. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय संपला आणि मंडळीला गावोगाव हिंडणे भाग पडले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ लावायची वेळ आली तेव्हा समोर असा प्रेक्षक होता, ज्याने भाव्यांचे नाव ऐकलेले नव्हते आणि मराठी नाटक म्हणजे काय हेही ज्याला ठाऊक नव्हते. दरबारातून तिकिटाच्या खिडकीकडे झालेला हा प्रवास आजच्या छोट्या गेमकर्त्याचाही आहे. मित्रांच्या गटात, महाविद्यालयाच्या प्रदर्शनात, ओळखीच्या माणसांपुढे गेमला मुखपृष्ठ लागत नाही. ती गरज अनोळखी माणसापाशी सुरू होते.

याहून नेमके उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही वसाहत १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीतल्या माळरानावर उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर चांगला होता, तरी सुरुवातीला तो पडून राहिला, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल उत्तम असणे आणि तो उत्तम आहे हे गिऱ्हाइकाला पटणे या दोन गोष्टींमधले अंतर त्या कारखान्याने फार लवकर अनुभवले. ते कापण्यासाठी जी साधने वापरली गेली त्यांतले एक म्हणजे १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, व्यंगचित्रे काढत, आणि कारखान्याच्या जाहिरातीचे कामही पाहत. पुढे या ‘खबर’चे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. तीन मासिके, एक छापखाना, एक घर. सगळ्यांना सगळे देणारे एकच जाड मासिक काढणे सोपे आणि स्वस्त होते. त्यांनी वाचक वेगळा काढला, त्याला वेगळे नाव दिले, त्या नावाला वेगळा चेहरा दिला. ‘स्त्री’ हे नाव आणि वरचे चित्र पाहून कोणी हात पुढे करावा हे ठरलेले होते, आणि कोणी करू नये हेही. मुखपृष्ठाविषयीच्या चर्चेत हा दुसरा भाग नेहमी निसटतो. चित्र लक्षवेधी हवे असे सगळे म्हणतात. पण कोणाचे लक्ष, हे विचारले जात नाही. कोडी सोडवणारा शांत गेम चकमकीच्या गेमसारखा सजवला तर चकमकवाले येतील, पाच मिनिटांत कंटाळून जातील, आणि जाताना वाईट अभिप्राय लिहितील. ज्यांना कोडी हवी होती ते चित्र पाहूनच दूर राहिलेले असतील. नुकसान दोन्हीकडून होते.

तिसरे उदाहरण कृष्णेऐवजी पंचगंगेकाठचे आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत रंगवत चित्रपटाकडे वळले. १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. भारतीय चित्रपटांची जी सर्वांत जुनी सचित्र पोस्टरे आज माहीत आहेत त्यांत त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे, १९२४ चे, पोस्टर आहे. या परंपरेची नेहमीची स्तुती रंगांच्या भरघोसपणासाठी होते. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बाबूरावांनी कॅमेरा जुळवला, नेपथ्य उभारले, वेशभूषा ठरवली आणि भिंतीवरच्या चित्राचाही विचार केला. पोस्टर करणारा माणूस चित्रपटाच्या आत उभा होता. मूकपटाला आवाज नव्हता, झलक दाखवायची सोय नव्हती; रस्त्यावरून जाणाऱ्याला एका नजरेत प्रसंग कळायला हवा होता, म्हणून आकृती मोठी, प्रसंग एकच, नाव ठळक. पुढे याच कोल्हापुरातून जी. कांबळे यांच्यासारखा चित्रकार ‘मुघल-ए-आझम’च्या पोस्टरपर्यंत पोचला. चालत्या माणसाला दुरून वाचता येईल असे चित्र काढण्याचे हे ज्ञान कोल्हापूर, मिरज, सांगली पट्ट्यातल्या पेंटरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि त्याचा पेराएवढ्या चौकटीशी अगदी जवळचा संबंध आहे. खूप दुरून पाहिलेला मोठा फलक डोळ्याला हातभर अंतरावरच्या छोट्या चित्रासारखाच दिसतो. दुरून वाचता येणारे चित्र लहान झाले तरी वाचता येते. जवळून न्याहाळायचे चित्र लहान झाले की चिखल होतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पोस्टर हे अतिशयोक्तीचे कलारूप आहे, चित्रपटात नसलेला आवेश ते दाखवते, आणि गेमच्या इतिहासातही मुखपृष्ठांनी नेहमी वाढवूनच सांगितले आहे. हे खरे आहे. १९७७ मध्ये आलेल्या अटारीच्या यंत्रावर रणगाडा म्हणजे चार चौकोनांचा ठिपका होता; पण खोक्यावर क्लिफ स्पॉन यांच्यासारख्या चित्रकारांनी धूर, विमाने, पळणारी माणसे यांची भरगच्च दृश्ये रंगवली. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. पडद्यावर जे दाखवता येत नव्हते ते खोक्यावरच्या चित्राने पुरवले. मूल खेळताना मनात तेच चित्र घेऊन बसायचे. त्या काळी खोके आणि खेळ यांच्यामध्ये दुकानदार, पैसे आणि घरापर्यंतचा रस्ता होता. आज चित्रावर बोट दाबताच पानावर खरा खेळ हलताना दिसतो, त्यामुळे दोघांमधली दरी गिऱ्हाइकाला ताबडतोब कळते. शिवाय २०१५ पासून स्टीमवर खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. खोट्या चित्राने आणलेला माणूस पैसे परत घेऊन जातो. म्हणजे इथे खरेपणाची बाजू घ्यायला नीतीचा आधार घेण्याचीही गरज नाही. दुकानाची रचनाच ती बाजू घेते. तरी मी ती नीतीसाठीही घेईन, कारण छोट्या गेमकर्त्याकडे त्याच्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते.

खरे सांगायचे म्हणजे काय सांगायचे, हा यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘गेमचे सर्वांत सुंदर दृश्य’ असे नाही. ‘इको’ या जपानी गेमचे उदाहरण जगभर दिले जाते. २००१ मधल्या या गेमच्या जपान आणि युरोपमधल्या आवृत्तीचे मुखपृष्ठ त्याचे कर्ते फुमितो उएदा यांनी स्वतः, इटालियन चित्रकार दे किरिको यांच्या प्रभावाखाली, रंगवले: उन्हात पसरलेले रिकामे आवार, लांब सावल्या, आणि त्यांत हात धरून पळणाऱ्या दोन इवल्याशा आकृती. अमेरिकेतल्या आवृत्तीला वेगळे चित्र दिले गेले, त्यात शिंगे असलेला मुलगा मोठा करून पुढे उभा केला होता. गेमच्या इतिहासातल्या वाईट मुखपृष्ठांत त्या अमेरिकी चित्राची गणना होते, आणि उएदांचे चित्र आदर्श मानले जाते. रास्तच आहे. हात धरून चालणे हाच त्या गेमचा गाभा आहे, आणि उएदांच्या चित्रात दोन आकृतींमधला तो दुवा आहे. अमेरिकी चित्रात पुढे दिसतो तो शूर मुलगा, जो कोणत्याही गेममध्ये असू शकला असता. पण उएदांचे ते महान चित्र १२० बाय ४५ पिक्सेलमध्ये टाकले तर काय उरेल? पिवळसर पट्टा आणि त्यात दोन कण. ज्या रिकामेपणामुळे ते हातातल्या खोक्यावर मनात उतरत होते, तो रिकामेपणाच लहान चौकटीत शून्य होतो. आणि ज्या अमेरिकी चित्राला आपण हसतो त्याने निदान एक गोष्ट बरोबर केली होती, आकृती मोठी ठेवली होती. यातून मी असे म्हणत नाही की छोट्या चौकटीसाठी वाईट चित्र काढावे. गाभा उएदांचा ठेवून माप नवे घ्यावे लागेल. ते दोन हात आणि सावली एवढेच उचलून चौकट भरून टाकता येईल. आवार गेले, मनोरा गेला, दुवा राहिला. या छाटणीत चित्रकाराला दुःख होते. ते होऊ द्यावे लागते.

छाटणीचा शेवट अक्षरांपाशी होतो. सर्वांत लहान चौकटीत गेमच्या नावाने जवळपास सगळी जागा व्यापावी, असा सल्ला व्हॉल्व्ह स्वतःच देते. त्यातच १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या या चित्रांवर गेमची चित्रकला, नाव आणि अधिकृत उपशीर्षक याखेरीज काही लिहिता येत नाही. तारे, पुरस्कारांची चिन्हे, समीक्षकांची वाक्ये, सवलतीची घोषणा, सगळे बंद झाले. मोबाइलच्या प्ले स्टोअरवरही गेमच्या चिन्हात ‘पहिला क्रमांक’, ‘फुकट’ असला मजकूर चालत नाही. या नियमाविषयी तक्रार झाली, पण छोट्या गेमकर्त्याने त्याचे स्वागतच करावे. ज्यांना पुरस्कार मिळालेले नाहीत त्यांची चौकट आता पुरस्कारवाल्यांच्या चौकटीइतकीच मोकळी आहे. आणि उपशीर्षकाला अकस्मात किंमत आली, कारण चित्रावर बोलायची तेवढी एकच जागा शिल्लक राहिली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ घ्या. क्राउडफंडिंगची मोहीम अपुरी पडल्यानंतरही चमूने काम सोडले नाही; ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमांच्या नामांकनात तो होता. राजी हे मुलीचे नाव आहे हे आपल्याला कळते, ब्राझीलमधल्या माणसाला कळणार नाही. त्याच्यासाठी नावाखाली ‘अ‍ॅन एन्शंट एपिक’ हे तीन शब्द आहेत: जुन्या काळची, पुराणकथेच्या वळणाची मोठी गोष्ट. पहाडी चित्रशैली, राजस्थानी किल्ल्यांसारखी वास्तू, त्रिशूळ घेतलेली मुलगी हे सगळे पान उघडल्यावर कळेल. उपशीर्षकाने दार कोणत्या दालनाचे आहे तेवढे सांगितले.

दालन, म्हणजे गेमचा प्रकार, सांगायचे तर त्या दालनाची रूढ चिन्हे वापरावी लागतात, आणि मग सगळी मुखपृष्ठे सारखी दिसतात, असा आक्षेप चित्रकार घेतात. त्यांची चीड मला समजते. शेतीच्या गेमवर गोंडस घर आणि भाज्या, भयपटासारख्या गेमवर अंधारा बोळ आणि एक दिवा, हे पाहून पाहून डोळे विटतात. पण चिन्हे टाळणे हा त्यावरचा इलाज नाही. अनोळखी माणसाला आधी ओळखीची एक खूण हवी असते, तिच्या आधाराने तो अनोळखी गोष्टीकडे पाहतो. एक खूण दालनाची आणि एक स्वतःची, एवढी जागा पेराएवढ्या चौकटीत निश्चित असते, तिसरीला नसते. टोबी फॉक्स यांच्या २०१५ मधल्या ‘अंडरटेल’चे नाव पहा: जुन्या जपानी गेमसारखी ठोकळेदार पांढरी अक्षरे, काळी पार्श्वभूमी, आणि अक्षरांत बसवलेले एक लाल हृदय. अक्षरे सांगतात, हा जुन्या वळणाचा भूमिकाप्रधान गेम आहे. हृदय सांगते, इथे काही वेगळे आहे, आणि खेळताना लढाईच्या चौकटीत तेच हृदय आपण हलवतो. गेमच्या आतली वस्तूच बाहेर आली आहे. ‘मुखपृष्ठाला खर्च फार’ असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. शंभर डॉलरची नोंदणी भरतानाच ओढाताण होते, नामांकित चित्रकाराचे मानधन कुठून आणायचे, हा आक्षेप खोटा नाही. पण पैसे कमी असतील तर अर्धवट रंगवलेल्या राक्षसापेक्षा नीट कोरलेली अक्षरे आणि एक अचूक वस्तू हजारपट बरी.

अक्षरांच्या संदर्भात मराठी गेमकर्त्यापुढे एक अडचण आहे, जिच्याविषयी इंग्रजी पुस्तकांत काही मिळणार नाही. रोमन मोठ्या लिपीतला शब्द ४५ पिक्सेल उंचीतली जवळजवळ सगळी उंची घेऊ शकतो. देवनागरी शब्द तीन मजल्यांचा असतो: वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार, ऋकार. ‘कृष्णाकाठ’ असे नाव ठेवले तर ऋकारासाठी खाली जागा सोडावी लागते, ‘ष्ण’ची जोडणी बारीक होते, आणि आकार लहान होताच तिचा ठिपका बनतो. ‘सरहद’सारखे सपाट नाव शिरोरेघेपासून तळापर्यंत चौकट भरून उभे राहते. नाव ठरवतानाच हा विचार करावा, म्हणजे मुखपृष्ठ गेमच्या आतून निघाले पाहिजे या म्हणण्याचा एक अगदी व्यावहारिक अर्थ हातात येतो. स्टीमचे दुकान स्वतः मराठीत चालत नाही, त्यामुळे मुख्य चित्रावर रोमन नाव बहुतेकदा लागेलच. तरी देवनागरी सोडू नये. शिरोरेघ ही जगाच्या यादीत पटकन ओळखू येणारी खूण आहे, आणि मराठी खेळणाऱ्याला ती आपल्या घरची वाटेल. फक्त रोमन अक्षरांना वरून नकली शिरोरेघ जोडण्याचा जो प्रकार परदेशी उपाहारगृहांच्या पाट्यांवर दिसतो तो आपण तरी करू नये. त्यात ना ती लिपी उरते ना ही. तसेच आपल्या भागाची ओळख म्हणून किल्ला, फेटा, नऊवारी हे सगळे एकाच चौकटीत भरण्याचा मोह होतो. ते जर गेममध्ये खेळणाऱ्याच्या हातात येत असेल तर जरूर दाखवावे. सजावट म्हणून आणलेला फेटा लहान आकारात तांबडा ठिपका होतो, आणि बाहेरच्याला तो भारतातल्या कुठल्याही गेमचा वाटतो. त्यापेक्षा बैलगाडीच्या चाकाची किंवा तालमीतल्या दोन पैलवानांची एकच बाह्यरेषा अधिक सांगेल, कारण बाह्यरेषा लहान होऊनही मोडत नाही.

चांगल्या गेमला मुखपृष्ठाची गरज नसते, खेळणारे एकमेकांना सांगतात, हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक माणसांचा आहे. त्याला मान देऊनच उत्तर द्यावे लागेल. तोंडोतोंडी प्रसार होतो हे खरे. पण त्यासाठी पहिले शंभर-दोनशे जण लागतात, आणि ते बहुधा यादीतूनच येतात. शिवाय मित्राने नाव सांगितले तरी दुकानात ते शोधताना त्याच यादीतून जावे लागते, आणि मित्राने सांगितलेली गोष्ट चित्रात दिसली नाही तर हात थबकतो. लोखंडी नांगरही शेवटी एका शेतकऱ्याने दुसऱ्याला सांगूनच पसरला असेल. तरी किर्लोस्करांना मासिक काढावेसे वाटले. उलट बाजूनेही एक मर्यादा मान्य करायला हवी: मुखपृष्ठ वाईट गेमला वाचवत नाही. ते फक्त योग्य माणसाला पानापर्यंत आणते. पुढचे काम गेमचे आहे, आणि या पुस्तकाने त्याहून अधिक काही कबूल केलेले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून चित्र बनवून घेण्याविषयी थोडक्यात लिहितो. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर अशा साधनांचा वापर जाहीर करावा लागतो आणि तो पानावर दिसतो. खेळणाऱ्यांतल्या अनेकांना तो खटकतो. कलावंतांच्या हक्काचा प्रश्न तर आहेच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पण या पुस्तकाच्या विषयापुरता माझा आक्षेप रचनेचा आहे. असे साधन पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या सरासरीकडे ओढ घेते. दालनाची खूण ते झटकन देईल. स्वतःची खूण त्याला देता येणार नाही, कारण ती गेमच्या आत आहे आणि त्याने गेम खेळलेला नाही. दिवसाला पन्नास गेम येणाऱ्या यादीत सरासरीसारखे दिसणे म्हणजे न दिसणे.

चित्र बरे की वाईट हे ठरवण्याच्या पद्धतीविषयी पुस्तकात सविस्तर प्रकरण आहे, तेव्हा इथे एवढेच सांगतो की ‘आवडले का?’ हा प्रश्न विचारू नये. ओळखीची माणसे हो म्हणतात. स्टीमच्या गडद निळ्या पार्श्वभूमीवर, त्याच दालनातल्या वीस गेमांच्या मध्ये, खऱ्या मापात आपले चित्र ठेवावे आणि ज्याने गेम पाहिलेला नाही अशा माणसाला क्षणभर दाखवून विचारावे, ‘यात काय करायचे असते?’ उत्तर चुकले तर चित्र चुकले. त्यानंतर तेच चित्र प्ले स्टोअरच्या पांढऱ्या पानावर ठेवून पाहावे, कारण निळ्यावर उठून दिसणारी कड पांढऱ्यावर विरते. रंग काढून केवळ काळ्या-पांढऱ्यातही पाहावे. आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यात उजेड-अंधाराचा फरक नसेल तर रंग तिला वाचवत नाहीत. प्ले स्टोअर खऱ्या गिऱ्हाइकांवर दोन चिन्हांची तुलना करून पाहण्याची सोय देते, आणि स्टीम किती जणांना चित्र दिसले, कितींनी पान उघडले हे आकडे दाखवते. ते आकडे बघावेत, मात्र त्यांच्यासमोर डोके गहाण टाकू नये. पान उघडणारे वाढले आणि गेम इच्छायादीत (विशलिस्टमध्ये) घालणारे वाढले नाहीत, तर चित्राने चुकीची माणसे आणली आहेत.

राहिला वेळेचा प्रश्न. स्टीमवर गेम येण्याआधी ‘लवकरच’ असे पान किमान दोन आठवडे लावावे लागते, आणि इच्छायादी जमवायची तर प्रत्यक्षात ते कित्येक महिने आधी लागते. म्हणजे मुखपृष्ठ लागते तेव्हा गेम अर्धाच झालेला असतो. अर्ध्या गेमचे खरे चित्र कसे काढणार, असे कोणी विचारेल. माझे उत्तर असे की अर्ध्या टप्प्यावर गेमचा गाभा काय हे जर ठरलेले नसेल तर अडचण चित्राची नाही, आणि ती तेव्हाच उघडी पडली तर बरेच. तपशील बदलले तर चित्रही बदलता येते. मोठी सुधारणा आल्यावर काही काळापुरते वेगळे चित्र लावायचीही स्टीमवर मुभा आहे. म्हणून चित्रकाराला बोलावताना त्याच्या हाती वर्णनाचा कागद आणि आवडलेल्या मुखपृष्ठांची जंत्री देऊ नये. गेम जसा असेल तसा, अडखळणारा, अपुऱ्या रंगांचा, त्याच्यासमोर ठेवावा आणि संध्याकाळभर खेळू द्यावे. खेळताना त्याचा हात कुठे घट्ट होतो, कुठे तो मागे टेकतो, कोणती वस्तू तो पुन्हा पुन्हा उचलतो, हे शेजारी बसून पाहावे. मग पहिले कच्चे रेखाटन मोठ्या कागदावर न मागता १२० बाय ४५ च्या चौकटीत मागावे.